सही करायच्या आधी एक फोन

 

आम्ही यवतमाळ आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कोर्टांत वकिली करणाऱ्या काही जणी आणि काही जण. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर, आम्ही फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर बायांना कायद्याचा सल्ला देतो. त्याचे पैसे घेत नाही. हे काम कसं चालतं, त्यातून तुम्हाला काय मिळू शकतं, काय मिळू शकत नाही, आणि आमच्या हातून काय चुकलं, ते आज सांगायचं आहे.

आधी एक साधा हिशेब करू. उमरखेडकडच्या एखाद्या गावातून यवतमाळच्या कोर्टात यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढचा पल्ला. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, पण दिवसाची मजुरी तर पूर्ण बुडते. लेकराला कोणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न असतोच. आणि वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचीच भीती वाटते, की हा किती पैसे सांगेल? म्हणून बाई जातच नाही. घरचे म्हणतात तिथे सही करते किंवा अंगठा देते. मग वर्ष-दोन वर्षांनी कळतं, की सातबाऱ्यावरून आपलं नाव गेलं.

बाईला वकिलापर्यंत जाता येत नसेल, तर वकिलानं बाईपर्यंत जावं. हा विचार काही मोबाइल आल्यावर सुचलेला नाही. आपल्या नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकून आल्या. त्या काळी बायांना वकिलीची सनदच मिळत नसे. तो कायदा 1923 साली झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, 1904 पासून, बंगालकडच्या पडदानशीन बायांसाठी सरकारी कायदा सल्लागार म्हणून त्या काम करत होत्या. त्या बायांना घराबाहेर पडायची मुभा नव्हती. त्यांत कितीतरी विधवा होत्या, आणि त्यांच्या जमीनजुमल्यावर नातेवाइकांचा डोळा होता. सोराबजी प्रवास करून त्यांच्या घरात, माजघरात जाऊन बसायच्या आणि त्यांचं म्हणणं ऐकायच्या. आज आपल्या दारावर पडदा नाही, पण अंतर आहे, मजुरी आहे, भीती आहे. आम्ही फोनवरून तेच करायचा प्रयत्न करतो.

कोणी म्हणेल, वकील फुकट काम कशाला करेल? यात उपकार नाहीत. वकिलांसाठी बार कौन्सिलचे नियम आहेत. ज्याला खरंच वकिलाची गरज आहे आणि पैसे देता येत नाहीत, त्याला मदत करणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं त्यांत लिहिलेलं आहे. आणि सरकारवरही हे बंधन आहे. राज्यघटनेत 1976 साली 39-अ हे कलम आलं. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, हा त्याचा अर्थ. त्यावरून 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत मदत कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, लहान मुलं, अपंग व्यक्ती, तुरुंगात असलेले लोक. आणि त्याच यादीत सरळ लिहिलं आहे : स्त्री. तिचं उत्पन्न किती, नवऱ्याच्या नावावर जमीन किती, हे विचारायचं नाही. बाई आहे, एवढं पुरे.

आता आम्हाला फोन कशाकशासाठी येतात ते सांगतो. मारहाण, खावटी, नवऱ्याची दुसरी बायको, मुलीचं शिक्षण सोडवून लावलेलं लग्न. पण आपल्या भागात सर्वांत जास्त फोन येतात ते वावराचे.

एक फोन आम्ही विसरणार नाही. नाव-गाव सांगत नाही. गटातल्या एका ताईनं फोन लावून दिला होता. पलीकडून बाई म्हणाली, "मॅडम, मालक गेले. तेरवीच्या दिवशी भासऱ्यानं कागद आणला. म्हणे, पीककर्ज माफ होते, अंगठा दे. म्या देल्ला. आता म्हणते, वावरात पाय ठेवू नको." तिची दोन लेकरं लहान. मोठी सातवीत.

आम्ही विचारलं, "ताई, अंगठा कुठे दिला? घरी, की दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात? फोटो काढला होता का?"

"घरीच देल्ला जी, अंगणात."

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. हक्कसोड पत्र हे नोंदणीकृतच असावं लागतं. दुय्यम निबंधकासमोर, फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन. अंगणात स्टॅम्प पेपरवर घेतलेला अंगठा, त्यावर नोटरीचा शिक्का असला तरी, त्यानं जमिनीवरचा हक्क सुटत नाही. आणि नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या वाट्याची वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. भाऊ या यादीत येतच नाही. लहान लेकरांच्या वाट्याला बापाकडून जी जमीन येते, ती विकायची किंवा सोडायची तर कोर्टाची परवानगी आधी लागते. विधवेनं पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा जात नाही.

इथे एक गोष्ट आमच्या गोंड, कोलाम, परधान बहिणींसाठी. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. म्हणून त्यांना आजवर "तुमच्यात बाईला हिस्सा नसतो" असं सांगून वाटेला लावलं जायचं. पण 2025 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात वेगळं सांगितलं. बाईला वारसा नाकारणारी रूढी आहे असं कोणी सिद्ध केलं नसेल, तर ती नुसती गृहीत धरता येत नाही. अशा वेळी बाईला बरोबरीचा हिस्सा नाकारणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. तेव्हा "आमच्यात नसतं" हे ऐकून परत फिरू नका. आधी विचारा.

परत त्या बाईकडे येऊ. तिच्या बाबतीत आमच्याकडून चूक झाली. आम्ही तिला फेरफाराचा उतारा काढायला सांगितला, तिनं काढला, फोटो पाठवला. त्या कागदाच्या आधारे फेरफार मंजूर झाला होता. आम्ही फोनवर म्हणालो, "ताई, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील दाखल करायचं. साठ दिवसांची मुदत आहे." ती म्हणाली, "बरं मॅडम." आम्हाला वाटलं, झालं काम.

तीन महिन्यांनी तिनंच फोन केला. "मॅडम, आपल्या केसचं काय झालं?" तेव्हा आमच्या लक्षात आलं. तिला वाटलं होतं, आम्ही म्हणालो म्हणजे आम्ही अपील केलं. तिच्या दृष्टीनं वकिलाला सांगितलं की केस सुरू होते. आणि आम्ही अशा भाषेत बोललो होतो, की 'बरं' म्हणण्यापलीकडे तिला काही विचारताच आलं नाही. मुदत तर उलटून गेली होती.

मग धावपळ झाली. तालुका विधी सेवा समितीकडून तिला वकील मिळवून दिला, उशीर माफ करण्याच्या अर्जासह अपील दाखल केलं. उशीर का झाला याचं कारण त्यात खरं खरं लिहिलं. उशीर माफ झाला, सुनावणी चालू आहे. निकाल अजून यायचा आहे. यंदा पेरणीला ती गटातल्या चार बायांना सोबत घेऊन वावरात गेली. सोयाबीन पेरलं. भासरा धुऱ्यावर उभा राहून बघत होता, पण बोलला नाही. पुढे काय होईल हे आम्हाला आज सांगता येत नाही. पण त्या तीन महिन्यांचा दोष आमचा आहे.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला. फोन ठेवण्याआधी बाईलाच विचारतो, "ताई, आता तुम्ही सांगा. उद्या कुठे जाणार? कोणता कागद नेणार? आणि कोणत्या तारखेच्या आत?" तिला तिच्या शब्दांत सांगता आलं, तरच फोन ठेवायचा. नाही सांगता आलं तर चूक आमची, पुन्हा सांगायचं. तुम्हीही कोणत्याही वकिलाला, तलाठ्याला, साहेबाला हेच विचारा : "म्हणजे मी आता नेमकं काय करू? ते तुम्ही करणार की मी करणार?" हे विचारण्यात लाज नाही.

फेरफाराचं अजून थोडं सांगतो, कारण यात वेळेला फार किंमत आहे. घरात कोणी गेलं की वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा लागतो. आता ई-हक्कवरून ऑनलाइनही देता येतो. सेतू किंवा सेवा केंद्रावरचा पोरगा करून देतो. अर्जात सगळ्या वारसांची नावं आहेत की नाही, हे वाचून घ्या. मग संबंधितांना नोटीस निघते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. कोणी तुमचं नाव गाळून अर्ज दिला असेल, तर याच पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. दोन ओळींची हरकत पुरते : मी अमुकची पत्नी, मी वारस आहे, माझं नाव गाळलं आहे, माझी हरकत आहे. एवढ्यानंही नोंद वादाची ठरते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. पंधरा दिवसांतलं हे काम दोन ओळींत होतं. तेच नंतर करायचं तर वर्षं जातात. आणि समजा, फेरफार झालाच, तरी घाबरून हक्क सोडू नका. सातबाऱ्यावरची नोंद सरकारच्या हिशेबासाठी असते. जमीन कोणाची, हे शेवटी दिवाणी कोर्ट ठरवतं.

दुसरे फोन येतात ते कर्जाचे. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यासाठी माणसं रात्री दारात बसतात, गटातल्या बायांना एकमेकींवर सोडतात. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम सांगतात, की अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास देणं, हे सगळं बंद आहे. वसुली ठरलेल्या जागीच व्हायची. लागोपाठ दोनदा तुम्ही तिथे आला नाहीत, तरच माणूस घरी येऊ शकतो. कर्ज फेडायचंच आहे, ते फेडा. पण माणसानं दारात कसं वागावं, याचा नियम आहे. तो त्याला मोठ्यानं सांगा आणि गटातल्या सगळ्या जणी मिळून सांगा.

आणि सावकाराचं. पैसे दिले उसने, आणि लिहून घेतलं खरेदीखत, अशी प्रकरणं आपल्याकडे थोडी नाहीत. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात, अशी जमीन सावकारीच्या व्यवहारातूनच गेली हे दिसून आलं, तर ती परत मिळवायची सोय आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करायचा. मागच्या पंधरा वर्षांतला व्यवहार असेल तर विचारून बघा. "खरेदी झाली, आता काय होते", असं म्हणून बसू नका.

आता, फोनवर सल्ला घ्यायचा तर कसा घ्यायचा?

पहिली गोष्ट, फोन करताना जवळ कोण आहे ते बघा. मारहाणीचा प्रश्न असेल आणि फोन नवऱ्याचा असेल, स्पीकर चालू असेल, तर बाई खरं बोलूच शकत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीलाच विचारतो, "ताई, आत्ता बोलता येतं का? फक्त हो किंवा नाही म्हणा." जमलं तर गटाच्या ताईच्या घरून, अंगणवाडीतून, मैत्रिणीच्या फोनवरून बोला. तुम्ही वकिलाला सांगितलेलं गुपित ठेवणं हे वकिलावर कायद्यानं बंधन आहे. फोन लावून देणाऱ्या ताईनंही ते पाळायचं आहे. पाण्याच्या नळावर ती गोष्ट निघता कामा नये.

दुसरी गोष्ट, कागद. मूळ कागद कोणालाही देऊ नका. फोटो काढताना कागद उजेडात सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, मागची बाजूही काढा. शिक्का आणि तारीख पुष्कळदा मागेच असते. आम्हाला येणारे निम्मे फोटो वाचताच येत नाहीत, आणि मग अंदाजानं सल्ला द्यायची वेळ येते. तसा सल्ला आम्ही आता देत नाही. पुन्हा फोटो मागतो, कंटाळू नका.

तिसरी गोष्ट, तारखा. केव्हा मारलं, केव्हा नोटीस आली, केव्हा सही घेतली. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगून वहीत लिहून ठेवा. कायद्यात पुष्कळ गोष्टी तारखेवर उभ्या असतात.

चौथी गोष्ट, ऑनलाइन सल्ल्याला मर्यादा आहेत. आम्ही फोनवरून रस्ता सांगतो. कोर्टात उभं राहायला वकीलपत्र द्यावं लागतं, आणि काही कामांना तुम्हाला स्वतःला जावंच लागतं. अंगावर हात पडत असेल, जिवाला धोका असेल, तर आमच्या संध्याकाळच्या वेळेची वाट बघू नका. 112 लावा, किंवा महिलांची 181 ही हेल्पलाइन लावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तुम्ही सासरच्या तालुक्यातच अर्ज केला पाहिजे असं नाही. माहेरी येऊन राहिला असाल, तर तिथल्या कोर्टातही करता येतो.

आणि सावध राहायची एक गोष्ट. मोफत सल्ल्याच्या नावाखाली कोणी "फाइल उघडायला पाचशे पाठवा" म्हणालं, ओटीपी मागितला, आधारचा फोटो आणि अंगठा मागितला, तर फोन ठेवून द्या. वकिलाकडे सनद असते, सनदेचा नंबर असतो. तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खरा वकील रागावत नाही.

आम्ही थोडे आहोत, सगळे फोन घेऊ शकत नाही. पण सरकारची सोयही आहे. 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर. केंद्र सरकारची टेली-लॉ योजना 2017 साली सुरू झाली. त्यात गावातल्या सेवा केंद्रावरून किंवा 14454 या नंबरवरून वकिलाशी बोलता येतं, पैसे लागत नाहीत. न्यायबंधू नावाची योजनाही आहे, त्यात मोफत केस लढायला तयार असलेले वकील नाव नोंदवतात. आणि यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती आहे. तिथे साधा अर्ज द्यायचा. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांचा खर्च, हे ते बघतात.

आमच्या वकील मित्रमैत्रिणींपैकी कोणी हे ऐकत असेल, तर त्यांनाही सांगणं आहे. आठवड्यातले दोन तास द्या. मोठं ज्ञान लागत नाही. ऐकून घ्यायची सवय लागते, आणि कायद्यातला शब्द वावरातल्या भाषेत सांगता यावा लागतो. आम्हाला तो अजून शिकावा लागतो आहे.

जाता जाता तुमच्या गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की प्रत्येकीनं आपल्या घरच्या सातबाऱ्याचा उतारा आणायचा आणि मोठ्यानं वाचायचा. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, गेलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे का, ते वहीत लिहायचं. जिथे नाव नाही, तिथे भांडण लावायचं नाही, आधी विचारायचं. आणि सगळ्यांनी मिळून एक ठरवायचं. तेरवीच्या दिवशी, दवाखान्यात, रडण्यापडण्याच्या घरात कोणी कागद पुढे केला, तर आपली बाई एवढंच म्हणेल, "भाऊजी, ठेवा. गटातल्या ताईला दाखवून सही करतो."

त्या बाईला त्या दिवशी हे म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. तुमच्या गावात तरी असू द्या.

नमस्कार.